नाश्ता आदल्या रात्रीच ठरतो

सकाळी साडेसातला ओट्यापाशी उभं राहून ‘आज काय करायचं?’ म्हणणाऱ्याच्या वाट्याला बहुधा चहा-बिस्किटच येतं. एकटं राहायला लागल्यावर पहिले सहा महिने माझं हेच चाललं होतं. घरी आई हे सगळं कसं जमवायची याचं कोडं फार उशिरा सुटलं. ती सकाळी काही ठरवतच नसे. रात्रीची भांडी आवरता आवरता ती पोळ्यांचा डबा उघडून बघायची, किती उरल्यात ते मोजायची आणि सकाळचं ठरवून झोपायची. प्रवासातही तेच. दुसऱ्या दिवशी काय खायचं, कुठे आणि किती वाजता, हे ज्याला रात्रीच माहीत असतं, त्याला चांगलं खायला मिळतं. पहिल्यांदाच स्वतःचा नाश्ता स्वतः करू पाहणाऱ्यांसाठी आणि बॅग भरून बाहेर पडणाऱ्यांसाठी हे लिहितोय.

रविवारी एक तास द्या

आठवड्यातून एकदा एवढी कामं उरकून ठेवा. अर्धा किलो रवा मंद आचेवर खमंग भाजून, गार करून बरणीत भरा. पावभर शेंगदाणे भाजून ठेवा. त्यातल्या निम्म्यांचं कूट करा, बाकीचे अख्खेच राहू द्या. कोथिंबीर निवडून फडक्यात गुंडाळून फ्रीजमध्ये टाका. आधी धुऊ नका, सडते. थालिपिठाची भाजणी, मेतकूट आणि जाड पोहे दुकानात तयार मिळतात, ते घरात कायम असू द्या. भाजणी घरी करायची हौस असेल तर ज्वारी, बाजरी आणि तांदूळ सारखे, गहू, हरभराडाळ आणि उडीदडाळ त्यांच्या निम्म्याने, शिवाय मूठभर धने आणि थोडं जिरं. प्रत्येक धान्य वेगळं भाजायचं, कारण बाजरीला लागतो तेवढा वेळ तांदळाला दिला तर चव बिघडते. पण पहिल्याच महिन्यात हा उद्योग करू नका. गिरणीत जाऊन दळून आणेपर्यंत उत्साह संपतो.

कांदेपोहे: आधी हेच शिका

मुलगी बघण्याच्या कार्यक्रमालाच ज्या पदार्थाचं नाव पडलं, तो सोपाच असणार असा समज आहे. पोहे सोपे आहेत, पण चुकतात ते नेमके दोन ठिकाणी: भिजवताना आणि वाफ देताना.

माणशी एक वाटी जाड पोहे घ्या. ते चाळणीत घालून नळाखाली धरा, हाताने हलकेच खालीवर करा आणि पाणी निथळू द्या. पातेल्यात पाणी घालून भिजत ठेवू नका, गिचका होतो. निथळत असतानाच त्यांच्यावर मीठ आणि चिमूटभर साखर भुरभुरवून ठेवा. मीठ कढईत टाकलं की एका घासाला खारट आणि दुसऱ्याला अळणी लागतं. दहा मिनिटांनी एक पोहा चिमटीत दाबून पाहा. सहज मोडला पाहिजे, पण त्याचं पीठ होता कामा नये. अजून टणक वाटला तर पाण्याचा एक हबका मारा.

तोवर फोडणी. तेल जरा सढळ हाताने, चार माणसांना तीन-चार चमचे. पहिल्यांदा शेंगदाणे तळून बाजूला काढा. मग मोहरी तडतडली की हिंग, कढीपत्ता, मिरची आणि कांदा. कांदा गुलाबी झाला की पुरे, लाल करायचा नाही. चातुर्मासात कांदा वर्ज्य असलेल्या घरांत त्याच्याऐवजी बटाट्याच्या पातळ काचऱ्या घालून झाकण ठेवतात. तेही पोहे झकास होतात. हळद सगळ्यात शेवटी घाला, आधी घातली तर जळून कडवट होते. आता पोहे घालून अलगद परता, आच मंद करा आणि झाकण ठेवून चार-पाच मिनिटं दणदणीत वाफ येऊ द्या. इथेच घाई होते. वाफ न आलेले पोहे घशाला टोचतात. वाढताना ओलं खोबरं, कोथिंबीर आणि लिंबाची फोड. लिंबू कढईत पिळू नका, ज्याचं त्याने ताटलीत पिळावं.

पोहे उरले तर दुपारी पुन्हा गरम करून त्यांचं काही होत नाही. त्यामुळे मोजूनच करा.

पातळ पोहे ही निराळी जात, ते धुवायचे नसतात. त्यांचे दडपे पोहे करतात: ओलं खोबरं, बारीक चिरलेला कांदा, मिरची, मीठ, साखर आणि लिंबू एकत्र कालवून त्यात पोहे मिसळायचे, कोरडे वाटले तर नारळपाण्याचा शिपका द्यायचा आणि झाकण दाबून पंधरा मिनिटं ठेवायचं. वरून फोडणी आणि चुरलेला पापड. गॅसचं काम फक्त फोडणीपुरतं, म्हणून उन्हाळ्यात हेच बरे.

हातात पंधरा मिनिटं असतील तर

रवा भाजलेला असला की उपमा, म्हणजे दक्षिण महाराष्ट्रातलं उप्पीट, पंधरा मिनिटांत होतो. एक वाटी रव्याला सव्वादोन ते अडीच वाट्या पाणी. फोडणीत उडदाची डाळ, कांदा, आलं, मिरची. त्यावर पाणी, मीठ, साखर. पाणी खळखळून उकळलं की आच कमी करून एका हाताने रव्याची धार सोडायची आणि दुसऱ्याने ढवळत राहायचं. पाणी कोमट असताना रवा पडला तर गुठळ्या झाल्याच म्हणून समजा. पाण्याच्या जागी अर्धी वाटी ताक घातलं तर फार छान आंबटपणा येतो.

पोळ्या उरल्या असतील तर त्या हाताने कुस्करा, मिक्सरमध्ये पीठ करू नका. कांद्याची फोडणी, थोडं जास्त तिखट, साखर, वर पाण्याचा हबका आणि वाफ. फोडणीच्या पोळीसाठी मुद्दाम दोन पोळ्या जास्त करणारी घरं मला माहीत आहेत, आमचं त्यातलंच. भात उरला असेल तर तो रात्रीच फ्रीजमध्ये गेला पाहिजे. ओट्यावर रात्रभर राहिलेल्या भाताला फोडणी दिली म्हणून तो चांगला होत नाही. उन्हाळ्यात तर नाहीच.

काहीच उरलं नसेल आणि तब्येत नरम असेल तर मऊ भात. एक वाटी जुन्या तांदळाला पाच-सहा वाट्या पाणी आणि कुकरच्या चार शिट्ट्या. वाफ आपसूक जिरली की पळीने घोटायचा. वर तूप, मेतकूट, मीठ आणि शेजारी लिंबाचं लोणचं. कोकणात ही रोजची सकाळ होती, आजारपणाचं जेवण नव्हे.

उपासाच्या दिवशी साबुदाणा मात्र रात्रीच भिजवायला हवा. धुऊन सगळं पाणी काढून टाका आणि साबुदाणा जेमतेम बुडेल इतकंच पाणी ठेवा. सकाळी दाणा दाबल्यावर सहज चिरडला की भिजला. एक वाटी साबुदाण्याला अर्धी वाटी दाण्याचं कूट, मीठ आणि साखर आधीच चोळून ठेवा, मग तुपात जिरं-मिरची-बटाट्यावर परता. सारखं ढवळत बसलात किंवा झाकण फार वेळ ठेवलंत की गोळा होतो.

सुट्टीचा दिवस

थालीपीठ घाईच्या दिवसाचं नाही. एक वाटी भाजणीची दोन मध्यम थालीपिठं होतात. कांदा, कोथिंबीर, तिखट, हळद, तीळ, मीठ आणि एक चमचा कडकडीत तेल घालून कोमट पाण्याने सैलसर मळा. पहिलं थालीपीठ थंड तव्यावरच तेल लावून थापता येतं. दुसऱ्याच्या वेळी तवा तापलेला असतो, म्हणून ओल्या फडक्यावर थापून त्यासकट तव्यावर उलटं घालायचं आणि फडकं अलगद सोडवायचं. मधे एक आणि भोवती चार भोकं पाडून त्यांत तेल सोडा, झाकण ठेवा. खालची बाजू तांबूस झाली की उलटा. वर लोण्याचा गोळा, शेजारी दही किंवा मिरचीचा ठेचा. लोणी विकतचं पिवळं, खारट असेल तर त्यापेक्षा दही घ्या.

कोकणातली घावनं याहून कमी कष्टाची. एक वाटी तांदळाच्या पिठात दीड-पावणेदोन वाट्या पाणी आणि मीठ, इतकंच. पीठ ताकासारखं पातळ हवं. बिडाचा तवा धूर येईस्तोवर तापवा, तेलाचा बोळा फिरवा आणि पीठ कडेकडून मध्याकडे ओता. तवा पुरता तापला नसेल तर जाळी पडत नाही आणि घावन तव्याला धरून बसतं. पहिलं फाटतंच, ते करणाऱ्याने उभ्याउभ्या खायचं असतं. बरोबर नारळाच्या दुधात गूळ आणि वेलची घातलेला रस.

बॅग भरताना

एक दिवसाच्या प्रवासाला दशम्या घ्या. पाण्याऐवजी दुधात मळलेल्या या पोळ्या दुसऱ्या दिवशीही मऊ राहतात. तिखटमिठाच्या पुऱ्या त्याहून टिकतात. बरोबर कोरडी चटणी: लसणाची, शेंगदाण्याची, जवसाची. ओल्या नारळाची चटणी डब्यात देऊ नका, ती दुपार गाठत नाही. पुऱ्या पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरा, नाहीतर वाफेने घाम सुटतो आणि वास येतो.

चार-पाच दिवस जाणार असाल आणि मुक्कामी फक्त पाणी तापवायची किटली असेल, तर प्रवासी उपमा न्या. भाजलेला बारीक रवा घ्या. तेलाच्या फोडणीत मोहरी, हिंग, उडदाची डाळ, कुरकुरीत तळलेला कढीपत्ता आणि सुकी लाल मिरची. ओलं काहीही नको. कांदा नाही, हिरवी मिरची नाही. त्यात रवा, मीठ, साखर आणि आमचूर घालून पाच मिनिटं परता, गार करा, पिशव्यांत भरा. मुक्कामी एक वाटी मिश्रणावर दोन वाट्या उकळतं पाणी ओतून झाकणाच्या डब्यात दहा मिनिटं ठेवलं की उपमा तयार. उपमा किटलीतच शिजवायला जाऊ नका. तळाला लागतो, किटली जाते आणि लॉजवाल्याची बोलणी खावी लागतात, ती वेगळीच.

परदेशी जाताना घरगुती डब्यांविषयी त्या देशाचे नियम आधी बघून घ्या. दूध, तूप, बिया, फळं यांच्याबाबत काही देश फार कडक असतात.

पोचल्यावर, रात्रीच तीन गोष्टी विचारा

लॉजवर चहा किती वाजता मिळतो? आसपास सकाळी कोणतं ठिकाण सगळ्यात आधी उघडतं? आणि उद्या त्याची सुट्टी तर नाही? तिसरा प्रश्न लोक विसरतात. नावाजलेल्या मिसळीच्या दुकानापुढे बंद शटर बघत उभं राहायचा अनुभव मी दोनदा घेतला आहे. मिसळवाले अनेकदा आठ-नऊनंतर सुरू करतात आणि दुपारी कट संपला की पाटी फिरवतात. त्याआधी सहा वाजता पोट भरायचं असेल तर एसटी स्टँडच्या बाहेरची पोह्यांची गाडी गाठा. कुठली? जिच्यापुढे रिक्षावाले आणि पेपर टाकणारी पोरं उभी आहेत ती. त्यांना रोज खायचं असतं, शिवाय तिथे कढई वरचेवर रिकामी होते, म्हणजे पोहे ताजे असतात.

कोकणात सरकारच्या ‘निवास व न्याहारी’ योजनेतली घरं आहेत. नावातच न्याहारी आहे, तिचा पुरेपूर उपयोग करा. पण आंबोळी हवी असेल तर आदल्या दिवशी दुपारपर्यंत सांगून ठेवा, कारण तांदूळ आणि उडीद भिजवून, वाटून रात्रभर आंबवावे लागतात. सकाळी टेबलावर बसून ‘काकू, आंबोळ्या नाहीत का?’ विचारलंत तर समोर ब्रेड-ऑम्लेट येईल, आणि चूक तुमची असेल. आधी सांगितलंत तर मालवणकडे आंबोळीबरोबर काळ्या वाटाण्याचं सांबारही मिळेल.

मिसळ मागवण्याआधी

मिसळ एक पदार्थ नाही, गावागणिक वेगळा आहे. कोल्हापुरात मोडाची मटकी, वर शेव-चिवडा, कांदा आणि लाल कट, सोबत बहुधा ब्रेडच्या जाड स्लाइस. पुण्यात जुन्या पद्धतीच्या मिसळीत खाली पोहे आणि बटाट्याची भाजी सापडते, आणि वरून ओतायच्या रश्शाला ‘सँपल’ म्हणतात. नाशिककडे काळ्या मसाल्याचा रस्सा, पापड आणि दही. नवख्याने कट वेगळ्या वाटीत मागावा आणि थोडा थोडा घालावा. जीभ पोळली तर पाणी पिऊ नका, दही किंवा ताक मागवा.

एक गोष्ट स्वतः भोगून शिकलोय. कोल्हापुरात सकाळी दोन वाट्या कट वरून ओतून घेतला आणि लगेच गगनबावड्याहून करूळ घाटाने खाली वैभववाडीला उतरणाऱ्या गाडीत बसलो. तिसऱ्या वळणावर कंडक्टरने न मागता पिशवी दिली. तेव्हा घाट असेल तर मिसळ उतरल्यावर खा. चढण्या-उतरण्याआधी इडली, केळं, कोरडा उपमा किंवा दोन बिस्किटं, आणि निघण्यापूर्वी निदान तासभर मोकळा ठेवा. रिकाम्या पोटी निघणंही तितकंच वाईट.

विदर्भात गेलात तर नागपूरचे तर्री पोहे. साध्या पोह्यांवर हरभऱ्याची झणझणीत तर्री ओततात, ती चमच्याने खायची. इंदूर हे होळकरांचं शहर, मराठी घरं तिथे पिढ्यान् पिढ्या आहेत, पण पोहे मात्र त्या मातीचेच झालेत: उकळत्या पाण्याच्या भांड्यावर वाफेवर गरम ठेवलेले, बडीशेप घातलेले, वर शेव आणि जिरावण मसाला, आणि हातात जिलबी. पोह्यांबरोबर जिलबी ऐकून नाक मुरडू नका, एकदा खाऊन बघा. मराठवाड्यात लातूर-नांदेडकडे सुशीला मिळते, म्हणजे पोह्यांऐवजी भिजवलेले चुरमुरे. ती थांबत नाही, ताटलीत येताक्षणी खावी लागते.

गोव्यात सकाळी पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलचा भोंगा वाजवत येतो. त्याच्याकडून गरम पोय घ्या. कोंडा लावलेली, आतून पोकळ, पिशवीसारखी. टपरीवर ‘भाजी-पाव’ मागा. मुंबईची लोण्यात घोटलेली पावभाजी इथे अपेक्षित नाही. पातळ भाजी म्हणजे वाटाण्याची खोबरं घातलेली रसभाजी, सुकी म्हणजे बटाट्याची. दोन्ही हव्या असतील तर ‘मिक्स’ म्हणायचं. पाव की पोय हे आधी सांगा.

गाडीत आणि रेल्वेत

एसटी जिथे थांबते ते हॉटेल तुम्ही निवडत नाही, म्हणून तिथे समोर गरम होत असलेलाच पदार्थ घ्या. वडा कढईतून निघताना दिसला तर घ्या, परातीत रचलेला असेल तर सोडा. उतरण्याआधी कंडक्टरला किती मिनिटं ते विचारा आणि सुटे पैसे हातात ठेवा. जेवणाची ताटं मागवणारे अर्ध्यातून उठतात.

रेल्वेने पुणे-मुंबई करणार असाल तर सकाळी सव्वासातला पुण्याहून निघणारी डेक्कन क्वीन एकदा घ्या. ही गाडी 1 जून 1930 ला सुरू झाली आणि तिला आजही टेबलं मांडलेला डायनिंग कारचा डबा आहे. (एसटीची पहिली बसही 1 जूनलाच, 1948 साली पुण्याहून नगरला सुटली. मराठी माणसाच्या प्रवासाचा हा दिवसच म्हणायचा.) तिथे चीज टोस्ट आणि ऑम्लेट मागवा. गाडी सुटली की लवकरच उठा. घाट सुरू होईपर्यंत थांबलात तर खिडकीजवळची खुर्ची गेलेली असते. कर्जतच्या फलाटावरचा बटाटेवडा प्रसिद्ध आहे, पण तिथे थांबणाऱ्या गाड्याही थोडाच वेळ थांबतात. दाराशी उभ्या असलेल्याला पैसे देऊन ठेवणं शहाणपणाचं.

हॉटेलातला बुफे

ताटली हातात घेण्याआधी सगळ्या टेबलांभोवती एक मोकळी फेरी मारा. जे समोर उभं राहून करून देतात, म्हणजे डोसा, ऑम्लेट, ते पहिल्यांदा घ्या. झाकणाखाली तासभर वाफत पडलेले पोहे-उपमा बहुधा ओलसर आणि बेचव असतात. घरी रोज खातो तेच तिथे कशाला? परदेशात त्या गावचा पाव, चीज, फळं खा आणि जिभेला फारच आठवण झाली तर पिशवीतली शेंगदाण्याची चटणी काढा. मधुमेहाची औषधं घेणाऱ्यांनी बुफे उघडायची वेळ रात्रीच विचारून ठेवावी. पहाटे सहलीला निघायचं असेल तर अनेक हॉटेलं सांगितल्यावर डबा बांधून देतात.

परत आल्यावरची सकाळ

हिचा विचार निघण्याआधीच करायचा. रात्री उशिरा घरी पोचलात की दूध नसतं, कोथिंबीर वाळलेली असते, कुणाच्या अंगात त्राण नसतं. म्हणून जाताना एका डब्यात वाटीभर तांदूळ निवडून ठेवा आणि त्याच्याशेजारी मेतकुटाची बरणी. तूप आणि लोणचं घरात असतंच. सकाळी कुकर चढवा आणि तो होईस्तोवर बॅगा तशाच पडू द्या.